बारा घरचा वानोळा

पुष्पा : दादा, खरं खरं सांगा, तुम्ही दिवसातून किती येळा परसाकडं जाता?

दादा : काय?

पुष्पा : ऐकू आलं न्हाई का? जोरात विचारू?

दादा : जोरात नको! गल्ली गोळा करती का? बापाला हे काय विचारून राह्यली तू?

(वाटूर. रामनवमीच्या दोन दिवस आधीची दुपार. ओसरीवर दादा, म्हणजे भुजंगराव, गाडीसाठी सोल, म्हणजे जाड दोर, वळत बसलेत. दारात सोडलेल्या बैलगाडीत ज्वारीची दोन पोती चढलेली आहेत. माय, म्हणजे सगुणाबाई, उंबऱ्यापाशी सुपात ओवा निवडतेय. मी, म्हणजे पुष्पा, खांबाला टेकून वही उघडलीय.)

माय : बराबर तर विचारून राह्यली. सांगा की.

पुष्पा : पैज लागलीय, दादा. कचरूलाल शेटजींची लेक राजकुमारी आहे ना, जालन्याला माझ्या वर्गात? ती साऱ्या पोरींसमोर म्हणाली, "पुष्पा, तू अख्ख्या वाटूरला विचारशील, पण स्वतःच्या बापाला विचारायची तुझी छाती न्हाई." आता विचारलं. जिंकले मी.

दादा : जिंकली ना? मंग बस झालं. जा, साखर खा.

पुष्पा : पैजेला नुसता प्रश्न लागत होता. वहीला आकडा लागतो. एकोणीस घरं भरली, विसाव्या घराचा खाना रिकामा आहे. आपलाच.

दादा : एकोणीस घरं! आठ दिवस झाले सुट्टीला येऊन, सकाळी जी जाती ती जेवायलाच येती. मी समजल्तो, लेक सयांकडं भरतकाम करून राह्यली.

माय : भरतकामच हाय ते. पोटात काय भरलं नि बाहेर काय आलं.

दादा : लोक काय म्हणत असतील? भुजंगरावाची लेक, सातवी शिकलेली, दारोदार जाऊन लोकांची पोटं विचारती!

पुष्पा : पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवसापासून हाका मारून बोलवायला लागले. तुळजामावशीनं तर पाट मांडला, गूळपाणी दिलं, नि अर्धा घंटा स्वतःचं, मंग अर्धा घंटा सुनेचं पोट सांगितलं. दादा, माणसाला पोटाचं कोणी विचारतच न्हाई हो. सगळे वाट बघत असतात.

दादा : मी न्हाई बघत.

माय : लिही. पाच येळा.

दादा : ए, अगं!

माय : टमरेल माझ्यापुढूनच जातं नि येतं. पहाटं दोनदा, न्याहारी झाली की एकदा, मंग दुपारी, मंग दिवा लागायच्या टायमाला. जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडलं त्या दिवसापासून. पंधरा दिवस झाले.

पुष्पा : हळू माय, पेन्सिल बारीक आहे. पाच. उलटी?

माय : दोनदा. नि परवा गोठ्यात चक्कर आल्ती, खुंटा धरून बसल्ते.

दादा : ऊन लागल्तं. नि परतूरच्या टेसनावर तो चहा प्यालो ना, त्यानं पोट नासलं.

पुष्पा : चहा किती प्यालात?

दादा : एक कप.

पुष्पा : एका कपानं पंधरा दिवस?

दादा : लई कडक होता.

माय : त्या चहावाल्याला बोलवा की घरी. एका कपात पंधरा दिवसाचं काम करतो, असा गडी मिळायचा न्हाई.

दादा : हसा, दोघी मिळून हसा. पण ही वही कोणी दिली तुला? शाळेत हेच शिकवतात का आता?

पुष्पा : शाळेच्या मागं दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी. शनिवारी त्या आमचा आरोग्याचा तास घेतात. त्यांनी विचारलं, "दरसाल चैत्रात माझ्याकडं पोटाचे रोगी का वाढतात? ज्या गावात ज्वारीची पेवं उघडली, त्याच गावाहून गाड्या येतात. का?" कोणालाच सांगता आलं न्हाई. मी विचारलं, बाई, तुमच्या बुकात काय लिहिलंय? तर म्हणाल्या, "बुकात न्हाई. शोधायचं राहिलंय. तुम्ही गावी चाललात, तर शोधा."

दादा : म्हंजी डॉक्टरीणबाईला येत न्हाई ते तुला येणार.

पुष्पा : त्यांना येतं ते मला येत न्हाई. पण मला वाटूर येतं.

माय : घ्या!

पुष्पा : वाचू का मी? ऐकून मंग रागवा. एकोणीस घरं. त्यातल्या बारा घरी यंदा आपल्या पेवाचा वानोळा गेला.

दादा : जाणारच! माझ्या आज्यापासूनची रीत हाय. सालभर जमिनीत पुरलेलं धान्य देवानं राखलं, म्हणून पेव उघडलं की पहिल्या बारा टोपल्या बारा मानाच्या घरी. आपल्या घरात दाणा येतो तो त्याच्या नंतर.

पुष्पा : त्या बारा घरांपैकी नऊ घरी पोट बिघडलं. उलटी, जुलाब, चक्कर.

दादा : ...मोसमच तसा हाय.

पुष्पा : ज्या सात घरी वानोळा गेला न्हाई, तिथं मोसम न्हाई का? तिथं एकाच घरी पोट दुखलं. त्या पोरानं कच्च्या चिंचा खाल्ल्या होत्या.

दादा : त्या सातात कडूबा आला ना?

पुष्पा : आले.

दादा : बांधावरून भांडला तवापासून त्याला वानोळा बंद हाय. त्याचं पोट कसंय?

पुष्पा : ठणठणीत. म्हणाले, "लिही पोरी, दगड पचवीन."

माय : तुमच्या भांडणानं वाचवलं बिचाऱ्याला.

दादा : सगुणाबाई, तुम्ही कोणाच्या बाजूनं हाय?

माय : ज्याच्या पोटात दुखून राह्यलं त्याच्या.

पुष्पा : दादा, पेव उघडलं तवा मी जालन्याला होते. मला सांगा, तोंडाशी कसं होतं?

दादा : कसं म्हंजी? वरचा कडबा जरा ओला होता. भादव्यात ती झड लागल्ती, तोंडाची माती कुठं तरी उकलली असंल. काळा पडलेला कडबा काढून फेकला. त्याच्याखालची ज्वारी दोन दिवस कडक उन्हात टाकली.

पुष्पा : वास?

दादा : पेवाची ज्वारी म्हटलं की वास असतोच. शहरात राहून तू इसरली.

पुष्पा : मंग सर्जानं का तोंड फिरवलं? गडी सांगत होता, भिजवून घातली तर हुंगून मागं सरला.

दादा : बैलाला काय कळतं?

पुष्पा : बैलाला मानाचं काही वाटत न्हाई, म्हणून त्याला नुसता वास कळतो.

दादा : ऐकलं का? ही म्हणती बैलाला माझ्याहून जास्त कळतं.

माय : मी न्हाई काही बोलले. मला पण कळल्तंच.

दादा : काय कळल्तं तुला?

माय : जात्यावर बसले नि पीठ हाताला लागलं, तवाच. कडवट वास, ओल्या गोणपाटासारखा. चिमूटभर जिभेवर ठेवलं नि थुंकलं. तवापासून मी नि गडी कणगीतल्या जुन्या ज्वारीची भाकर खाऊन राह्यलो. पुष्पी आली, तिला पण तीच.

दादा : नि मी?

माय : तुम्हाला पेवाची.

दादा : पंधरा दिवस! वास आल्ता तरी मला चारली?

माय : पहिल्या दिवशी म्हटलं की मी, "अवो, ही ज्वारी बराबर न्हाई." तुम्ही काय म्हणाले? "पेव माझ्या आज्यानं खोदलं, त्याला नावं ठेवू नको." मंग न्हाई ठेवली. तुमचा आजा, तुमचं पेव, तुमची भाकर.

पुष्पा : माय, हे वहीत लिहू?

माय : लिही. "एकाच घरात दोन चुली न मांडता दोन धान्यं खाल्ली, एकाचंच पोट बिघडलं."

पुष्पा : माय! डॉक्टरीणबाई याला तजुर्बा म्हणतात, म्हंजी प्रयोग. तू न सांगता करून ठेवलास!

दादा : माझ्यावर!

माय : तजुर्बा म्हणू नको बाई मला. त्या तुझ्या तजुर्ब्यापायी माझ्या चार वाट्या गेल्या. अवो, या पोरीनं काय केलं ठाव हाय का? पाणी ठेवायच्या कोनाड्यात चार वाट्यांत भाकरीचे तुकडे ठेवले, ओल्या फडक्यानं झाकून. मी पाचव्या दिवशी फडकं उचललं तर आत मांजराच्या पिलासारखं केसाळ! मी ओरडले, गल्ली धावून आली.

पुष्पा : तीनच केसाळ होत्या. तेच तर सांगायचंय. पहिल्या वाटीत कणगीच्या ज्वारीची भाकर, थोडे पांढरे ठिपके. दुसरीत पेवाच्या ज्वारीची, ती हिरवी-काळी, पार वाटीबाहेर. तिसरीत पेवाचीच, पण हळद घालून, जरा कमी. नि चौथीत पेवाचीच, ओवा कुटून घातलेली. त्याला बुरशीचा एक केस न्हाई!

दादा : ओव्यानं?

पुष्पा : ओव्यात काही तरी सत्त्व असतं, दादा, ओव्याचं फूल म्हणतात. त्यानं बुरशी वाढत न्हाई. मी आपलं सहज लिहून कळवलं की पोट बिघडलं की माझी माय ओवा नि काळं मीठ देते. तर आज डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, त्यांनी रजिस्टरात लिहिलंय, "सगुणाबाई, वाटूर, ओवा."

माय : माझं नाव?

पुष्पा : तुझं नाव. शाईनं.

माय : ...गावाचं पण लिहिलं का?

पुष्पा : गावाचं पण.

दादा : घ्या. बापाचं नाव जुलाबात, मायचं नाव दवेत.

माय : सूप धर गं जरा. पदर नीट करू दे.

दादा : पण थांब. ओव्यानं बुरशी मरती ना? मंग झालं की! शेर-दोन शेर ओवा टाकू पोत्यात. अडचण काय हाय?

पुष्पा : तेच मी विचारलं. गावातले बजरंगलाल शेटजी मोटारनं जालन्याला गेल्ते ना परवाच्या दिवशी, त्यांच्या हाती पत्र नि मूठभर ज्वारी पाठवली. आज त्यांच्याच हाती उत्तर आलं. वाचते. "चिरंजीव पुष्पास आशीर्वाद. दाणे भिंगाखाली पाहिले. आत बुरशी शिरलेली आहे. ओवा बुरशीची वाढ रोखतो, पण बुरशीनं आधीच दाण्यात जे विष सोडलं असेल ते ओव्यानं निघत नाही. धुऊन, ऊन देऊन, भाकरी भाजूनही ते जाईल असा भरवसा नाही. नेमकं काय विष आहे ते मला माहीत नाही. हैदराबादच्या प्रयोगशाळेकडं दाणे धाडले आहेत. कळेपर्यंत ही ज्वारी माणसानं खाऊ नये, जनावरानंही नाही."

दादा : "माहीत न्हाई" असं लिहिलंय ना? मंग?

पुष्पा : माहीत न्हाई म्हणून तर "खाऊ नये".

दादा : अगं, पण मागल्या सुट्टीत तूच सांगत होती ना, लढाईत सोल्जरांना दवा दिली ती बुरशीतूनच काढली म्हणून? पेनि... पेनि काय ते?

पुष्पा : पेनिसिलीन.

दादा : हां! बुरशीतून विलायतेत दवा निघती, नि वाटूरला निघालं की विष? हा कुठला न्याय?

पुष्पा : दादा, पालेभाजी पण पानच नि धोतरा पण पानच. घालू का धोतऱ्याची भाजी?

माय : काय सुचवू नको त्यांना. पेवाजवळ उगवलेला असंल तर खातील.

दादा : बरं, बरं. न्हाई खात. उद्यापासून कणगीची भाकर दे मला. खूश?

पुष्पा : न्हाई.

दादा : आता काय राह्यलं?

पुष्पा : गाडीतली ती दोन पोती. जांबला रामनवमीच्या भंडाऱ्याला चालली आहेत ना? ती कोणती ज्वारी आहे?

माय : सांगा. लेक विचारून राह्यली.

दादा : वरचीच हाय. टोपल्यांच्या मागं निघाली ती. देवाला काय खालची, उरलेली द्यायची?

पुष्पा : दादा, तिथं किती लोक जेवतात?

दादा : हजार. दीड हजार. लेकुरवाळ्या बाया येतात, म्हातारे येतात चालत.

माय : म्हंजी तुमच्यासारखे दीड हजार. नि जांबला टमरेलं कुठून आणायची तेवढी?

दादा : मस्करी करू नको. तुला ठाव हाय का, पोती उतरली की भंडाऱ्याचा मुकादम हाळी देतो, "वाटूरच्या भुजंगरावांची ज्वारी आली!" तीस वर्सं झाली, देतोय. माझ्या बापाच्या नावानं देत होता. गाडी रिकामी गेली तर काय हाळी देईल?

पुष्पा : खळ्यावर यंदाची नवी ज्वारी पडलीय.

दादा : नवी ज्वारी अजून देवापुढं ठेवली न्हाई.

माय : मंग जांबच्या देवापुढंच ठेवा. तो काय कमी देव हाय?

दादा : ...हं.

माय : हं म्हंजी?

दादा : हं म्हंजी, गड्याला हाक मार. पोती उतरवू. पण ह्या ज्वारीचं काय? अन्न हाय ते. मातीत घालू?

माय : सालभर मातीतच होतं. वाट ओळखीची हाय त्याला.

पुष्पा : खोल पुरायची. कोंबड्या उकरतील अशी न्हाई.

दादा : डॉक्टरीण झाली ही आताच. ठीक. ज्वारी बदलतो, जांबचं काम झालं. आता ती वही मिटव. अन् ऐक, गावात एक शब्द न्हाई. भुजंगरावाचं पेव सडलं, हे या ओसरीच्या बाहेर जायचं न्हाई.

पुष्पा : नि बारा टोपल्या?

दादा : पंधरा दिवस झाले. खाऊन संपल्या असतील.

पुष्पा : मी बघितलंय. तुळजामावशीकडं अर्धी आहे. बद्रीनाथमामाकडं पायली-दीड पायली उरलीय, पोरं आजारी आहेत तरी रोज तीच दळतात. नि गोजरकाकूनं तर टोपलीला हातच लावला न्हाई.

माय : काहून?

पुष्पा : तिची लेक पहिल्या बाळंतपणाला येतीय ना सोमवारी. काकू म्हणाली, "भुजंगरावाच्या घरची मानाची ज्वारी हाय, माझ्या लेकीलाच करून घालीन." उतरंडीत वरच्या गाडग्यात भरून ठेवलीय. वर फडकं बांधलंय.

माय : अगं माय...

दादा : मी तिला निरोप धाडतो. दुसरं काही कारण सांगू. किडे पडले म्हणू.

पुष्पा : किडे पडले म्हटलं तर ती निवडून खाईल. मायनं पण निवडूनच खाल्ली असती.

माय : खाल्ली असती. आपण किड्याला कुठं भितो?

दादा : मंग काय करू? बारा घरी जाऊन सांगू का, माझ्या आज्याच्या नावानं मी तुम्हाला सडकी ज्वारी वाटली? कडूबा चावडीवर बसून हसंल. मेल्यावर पण हसंल.

माय : हसू द्या. पोट बरं हाय त्याचं, त्याला झेपंल.

दादा : तू गप. पुष्पे, दिला वानोळा परत मागायचा, हे कोणी केलंय का? सात पिढ्यांत कोणी केलंय? तुझ्या राजकुमारीच्या मारवाड्यांत तरी करतात का?

पुष्पा : न्हाई करत.

दादा : मंग! आपण पण करायचं न्हाई. अन् तू जर गल्लीत काही बोलली ना, तर सातवी बस झाली. लिहाय-वाचायला आलं, पत्रं वाचता आली, पुष्कळ झालं. जालन्याला परत जायचं न्हाई.

माय : अवो...

दादा : मी बोलून राह्यलो ना.

माय : पोरीचं तोंड बघा एकदा. मंग बोला.

दादा : बघितलं. शाळेला न्यायला तुझा सख्खा मामा येणार हाय, त्याला सांगीन, रिकामा जा.

पुष्पा : दादा, मी रागवले न्हाई. तुमच्या ताटात दोन येळा तेच धान्य पडलं नि तुम्ही चक्कर येऊन गोठ्यात बसलात, तरी तुम्ही घास टाकला न्हाई. मला ते कळतं. पण गोजरकाकूची लेक तुमच्या आज्याचं नाव खाणार न्हाई. ज्वारी खाणार आहे.

माय : बोल गं. बोलायचं ते आताच बोल.

पुष्पा : माय, दादा, मी ठरवलंय. उद्या पहाटं गाडी जांबला गेली, की मी खळ्यावरची नवी ज्वारी टोपलीत घेऊन बारा घरी जाणार. नवी देणार, जुनी परत मागणार, नि का मागतेय ते पण सांगणार. शाळेचं तुम्ही ठरवा. हे मी ठरवलंय. पहिलं घर गोजरकाकूचं.